चौथ्या पिढीचं टेबल

टेबल दारात अडकलं तेव्हा घरातल्या दोन्ही इंजिनिअरांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की टेबलात काही दोष नाही. दोष असलाच तर तो दारात होता.

हे घर म्हणजे काही साधंसुधं घर नव्हे. पणजोबा शहरातल्या तांत्रिक कॉलेजच्या पहिल्या तुकडीत होते. आजोबा तिथूनच मेकॅनिकल झाले आणि वडील तिथूनच इलेक्ट्रिकल. घरात 'कॉलेज' म्हटलं की ते एकच. जगातल्या बाकीच्या शिक्षणसंस्थांना 'इतर ठिकाणं' म्हणत. बैठकीच्या खोलीत तीन पिढ्यांचे ग्रुप फोटो ओळीनं लावले होते आणि चौथ्या फोटोसाठी खिळा आधीच ठोकून ठेवला होता. तो खिळा चिंगीचा. चिंगी बारावी झाली होती, कॉलेजच्या यादीत तिचा नंबर लागला होता, आणि आज पाचच्या आत तिनं स्वतः जाऊन प्रवेश पक्का करायचा होता. नाही केला तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

चिंगीला तिथं जायचं नव्हतं. तिला वकील व्हायचं होतं. लॉ कॉलेजातही तिचा नंबर लागला होता आणि तिथली मुदत उद्याची होती. हे घरात सांगायचा प्रयत्न ती पंधरा दिवस करत होती, पण ती तोंड उघडायची आणि मध्ये टेबल यायचं.

"बाबा, मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल की. पण आधी सांग, ड्रॉवर डावीकडं हवा का उजवीकडं?"

कॉलेजात जाणाऱ्या नातीसाठी आजोबा अभ्यासाचं टेबल बनवून घेत होते. या घरात आराखड्याशिवाय काहीच होत नसे. भिंतीवर घड्याळ टांगायचं तरी आधी कागदावर चित्र निघे आणि त्याखाली तीन चौकटी आखल्या जात: रेखाटन, तपासणी, मंजुरी. रेखाटन आजोबा करत, तपासणी वडील करत आणि मंजुरी पुन्हा आजोबाच देत, कारण वयानं तेच मोठे. वाचकांनी उगाच हसू नये. हे लिहिणाराही त्याच कॉलेजचा आहे आणि त्याच्या घरातली शिडी गेली तीन वर्षं माळ्यावर पडून आहे, कारण ती उतरवायला शिडी लागते.

टेबल झालं मात्र भक्कम. लोखंडी सांगाडा, सगळे सांधे वेल्डिंगचे, नावालाही स्क्रू नाही. "स्क्रू आज ना उद्या ढिला होतो," आजोबा म्हणाले होते. "हे टेबल चिंगीची नातवंडं वापरतील." ते हलू नये म्हणून त्याचे पाय खाली बाहेरच्या बाजूला वळवले होते. सकाळी टेम्पोवाल्यानं ते दाराशी आणून ठेवलं आणि शहाण्या माणसासारखा तो लगेच निघून गेला. मग चिंगी आपल्या खोलीत उभी राहून "या, या" म्हणत राहिली, वडिलांनी टेबल उभं केलं, आजोबांनी कोन सांगितला, आणि टेबल पाय पुढं करून खोलीच्या दारातून निम्मं आत गेलं. तिथंच ते थांबलं. पुढं जाईना आणि वळलेले पाय चौकटीच्या पलीकडं अडकल्यामुळं मागंही येईना. दार असं बुजलं की खाली मांजर जाईल एवढी फट उरली आणि वर डोकं घालता येईल एवढी.

"तपासणी तुझी होती," आजोबा म्हणाले.

"अण्णा, मी रेखाटन तपासलं. रेखाटन बरोबरच आहे. दार तपासायला मला कुणी सांगितलं नव्हतं."

"घराच्या नकाशात दार चांगलं तीन फुटी आहे. नकाशा माझाच आहे."

"नकाशात चौकट धरलेली नाही."

चौकटीला जाडी असते हे त्या कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात.

"आणि मंजुरी?" वडिलांनी हळूच विचारलं.

"मंजुरी टेबलाला दिली होती. दाराला नाही."

एवढ्यात आई आली. आई शाळेत भूगोल शिकवायची. आज तिला सुट्टी होती, म्हणजे घरातलं काम दुप्पट होतं. "अहो, जरा ऐकता का," ती म्हणाली, "चिंगीला बाहेर काढायचं असेल तर—"

"थांब गं. इथं डोकं चालवतोय आम्ही."

"चालू दे," आई म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

डोकं चालवण्याचा पहिला टप्पा म्हणजे तेल. चौकटीला खोबरेल तेल चोपडलं, त्यानं टेबल हललं नाही पण हात निसटून वडील भिंतीवर आदळले. मग आजोबांनी तरफेचा सिद्धांत काढला. पाण्याचा जुना पाइप टेबलाखाली घालून दोघांनी जोर लावला, तसं टेबल चार बोटं आणखी आत गेलं आणि आता खरोखरीच रुतून बसलं. "हललं म्हणजे हलू शकतं," आजोबा म्हणाले. मग चौकट सैल करायचं ठरलं. वडिलांनी हातोडी घेतली आणि चौकटीच्या कडेचा गिलावा ठोकायला सुरुवात केली. चौकट जागची ढळली नाही. भिंतीचा मात्र परातीएवढा पोपडा सुटून खाली आला आणि आतली वीट दिसायला लागली.

"वीट चांगल्या प्रतीची आहे," आजोबा समाधानानं म्हणाले.

दुपार टळत चालली तसा वडिलांचा धीर सुटू लागला. "चिंगे, भूक लागली असेल ना गं?" त्यांनी फटीतून हाक मारली.

"नाही बाबा. मी जेवले."

"बरं झालं," वडील म्हणाले. बंद खोलीत ती जेवली कशी, हा प्रश्न कुणाही सामान्य माणसाला पडला असता. पण तेव्हा दोघं टेबलाचा गुरुत्वमध्य काढत होते.

शेवटी वडिलांनी कॉलेजला फोन लावला. "मुलगी खोलीत अडकलीय हो. तिच्याऐवजी मी आलो तर चालेल का? आमच्या घरातल्या तीन पिढ्या तुमच्याकडंच शिकल्यात."

"विद्यार्थ्यानं स्वतः यायला पाहिजे," पलीकडचे कारकून म्हणाले. "अडकलीय म्हणजे कशात?"

"टेबलात. म्हणजे दारात. टेबल दारात अडकलंय."

"घरात इंजिनिअर कुणी नाही का?"

वडिलांनी फोन ठेवला. तीन पिढ्यांनी राखलेलं एका टेबलापायी जाणार आणि ते टेबल आपण तपासलेलं, या विचारानं त्यांनी स्टूल आणलं, त्यावर चढले आणि वरच्या फटीत डोकं घातलं. तिथून मुलीला वर ओढून घेता येईल असा त्यांचा हिशेब होता. डोकं आत गेलं. बाहेर काढताना मात्र कान आडवे आले.

"अण्णा, मागं ओढा."

आजोबांनी कमरेला धरून ओढलं. "कान दुमडतात का बघ," ते म्हणाले.

"नाही दुमडत."

"आपल्या घराण्याचे कान मोठेच आहेत. हे धरायला हवं होतं."

आता परिस्थिती अशी होती की वडिलांचं धड बाहेरच्या बोळात आजोबांच्या ताब्यात होतं आणि डोकं चिंगीच्या खोलीत. चिंगी खाटेवर मांडी घालून बसली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच बाबांचं डोकं तिच्यासमोर होतं आणि ते उठून कुठं जाणार नव्हतं.

"बाबा, आता बोलू?"

"अगं, पाच वाजत आले. आधी बाहेर कसं पडायचं ते बघू."

तेवढ्यात खोलीच्या पलीकडच्या टोकाला, बाल्कनीच्या दारातून, आई आत आली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. तिनं एक कप चिंगीला दिला, एक कप वडिलांच्या तोंडाला लावला आणि म्हणाली, "फुंकून प्या, गरम आहे."

वडिलांनी एक घोट घेतला आणि मग त्यांचे डोळे मोठे झाले. "तू आत कशी आलीस?"

"स्वयंपाकघरातून. ओट्याशेजारच्या दारानं बाल्कनीत आणि बाल्कनीतून इथं. रोज येते, कपडे वाळत घालायला."

"ओट्याशेजारी दार नाहीच," बाहेरून आजोबांचा आवाज आला. "नकाशात तिथं भिंत आहे."

"आठ वर्षांपूर्वी गवंड्याकडून दार पाडून घेतलंय, अण्णा. तुम्ही दोघं कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गेला होता तेव्हा. मी सकाळपासून तेच सांगत होते, पण तुमची डोकी चालू होती."

वडिलांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. "म्हणजे चिंगे, तुला केव्हाही बाहेर येता येत होतं?"

"हो."

"मग बसून का राहिलीस?"

"बाहेर आले असते तर तू मला कॉलेजात नेलं असतंस," चिंगी म्हणाली. "मला तिथं नाही जायचं, बाबा. मला वकील व्हायचंय. पंधरा दिवस सांगतेय. अजून अर्धा तास आहे. तू म्हणालास तर मी आत्ता बाल्कनीतून बाहेर पडते आणि तुझ्याबरोबर येते. पण मला विचार तरी एकदा."

वडिलांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. डोकं मोकळं असतं तर त्यांनी तोंड फिरवलं असतं, पण ती सोय नव्हती. समोर मुलगी दिसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तीन पिढ्या गं," ते म्हणाले. "मला तरी कुणी विचारलं होतं?"

"मला तरी कुठं विचारलं होतं?" बाहेरून आजोबा म्हणाले. "माझ्या वडिलांनी अर्ज भरला तेव्हा मी विहिरीत पोहत होतो. वर आलो तर मेकॅनिकलला होतो."

आई खुदकन हसली. मग चिंगी हसली आणि शेवटी अडकलेलं डोकंही हसायला लागलं, त्यानं कान आणखी दुखले.

"जा," वडील म्हणाले. "कर वकिली. उद्या मी येतो तुझ्याबरोबर. तोवर सुटलो तर."

आजोबा बोळातून निघाले, स्वयंपाकघरात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओट्याशेजारच्या दारानं बाल्कनीत आले. दार त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, वीत टाकून मोजलं. चांगलं रुंद होतं. टेबल तिथून आडवंही आलं असतं. ते खोलीत येऊन चिंगीच्या शेजारी खाटेवर बसले आणि बराच वेळ वडिलांच्या डोक्याकडं बघत राहिले.

"वकील होतेयस ते एका अर्थी बरंच झालं," ते म्हणाले. "या टेबलाच्या बाबतीत चूक तपासणाऱ्याची का मंजुरी देणाऱ्याची, हे एकदा कायद्यानं ठरू दे. तू माझी बाजू घे."

"हे बरं आहे, अण्णा," डोकं म्हणालं. "ती माझी मुलगी आहे. ती माझी बाजू घेणार."

"मी कुणाचीच नाही घेऊ शकत, आजोबा," चिंगी म्हणाली. "मी सकाळीच आईचं वकीलपत्र घेतलंय."

दोघांनी आईकडं पाहिलं. आईनं रिकामा कप ट्रेमध्ये ठेवला आणि पदर खोचला.

"आधी ती भिंत लिंपून द्या," ती म्हणाली. "मग आठ वर्षं मी एकटीनं वाळत घातलेल्या धुण्याचं बोलू."