साठे शरण जात नाही

आमच्या खालच्या मजल्यावरचे साठेकाका स्वतःबद्दल बोलताना ‘मी’ म्हणत नाहीत. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तर म्हणाले, "साठेला हे मान्य नाही." बस चुकली की, "साठे चालत जाईल."

ही सवय त्यांनी एका फ्रेंच जनरलकडून उचलली. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सनं जर्मनीपुढे हात टेकले, तेव्हा जो लंडनच्या रेडिओवरून लढाई संपलेली नाही असं सांगत राहिला आणि पुढे देशाचा अध्यक्ष झाला, तो. जनरल ताडमाड होता. काका सव्वापाच फूट. ताठा मात्र तेवढाच.

"काका, जर्मनीत राहून त्याचं कौतुक?" मी एकदा विचारलं.

"अगं, जर्मनांशी शेवटी दोस्ती कोणी केली? त्यानंच!"

जनरल रागावून सत्ता सोडून गावी जाऊन बसला, देश बोलावील म्हणून. काकांनीही आमच्या गावच्या, बॉबलिंगेनच्या मराठी मंडळाचा राजीनामा दिला. जनरलला बारा वर्षं वाट पाहावी लागली. काकांना चौथ्या दिवशी बोलावणं आलं, कारण गणपतीचं मखर ठेवलेल्या तळघराची किल्ली त्यांच्याकडे होती.

काकू गेल्यापासून घरात ते आणि नीलू, त्यांची मुलगी. चाळिशीची आहे, जन्मतःच डाऊन सिंड्रोम. आमच्या इमारतीत जिना झाडण्यापुसण्याची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे जाते. तिला ‘केरवोखे’ म्हणतात. केर नावातच आहे. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी. साठ्यांची पाळी नीलू करते. पाटी लागली की आठवडाभर ऐटीत असते. फक्त जिना पुसायला तिला अख्खी दुपार लागते.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ ब्राऊन बाईंनी रहिवाशांच्या बैठकीत ठराव मांडला: जिना तासन्‌तास ओला राहतो, हे काम सफाईवाल्या कंपनीला द्या.

काका उभे राहिले. "साठेचा नकार आहे."

"मिस्टर साठे, तुमच्या मुलीला त्रास नको म्हणूनच..."

"ते राहू द्या, आधी जिना बघा. कालच पुसलाय तिनं."

अख्खी बैठक जिन्यात. फ्राऊ ब्राऊननी कठड्याच्या गजांमागे बोट फिरवलं, मग वाकून पायऱ्यांच्या कोपऱ्यांत. बोट उजेडात धरून पाहिलं. इथल्या लोकांचं एक मी मानते, स्वच्छतेच्या बाबतीत ते खोटं बोलत नाहीत.

"माझ्यापेक्षा स्वच्छ," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच ठरावाविरुद्ध पहिला हात त्यांनीच वर केला. पाठोपाठ सगळ्यांचे.

दुसऱ्या दिवशी मी पोह्यांचा डबा घेऊन खाली गेले. काकांच्या टेबलावरचा जनरलचा फोटो प्रथमच नीट पाहिला. गणवेश नाही, रणगाडा नाही. समुद्रकिनाऱ्यावर खुर्चीत बसलेला बाप, मांडीवर छोटी मुलगी.

"त्याची धाकटी," काका म्हणाले. "आपल्या नीलूसारखीच. विशीतच गेली." आणि चष्मा पुसत बसले. मी डबा ठेवून निघाले.

पुढच्या पाळीच्या दिवशी मी बाजारातून आले, तर काका सगळ्यांत खालच्या पायरीवर ताठ बसलेले.

"बाबा, पाय वर!" फडकं पिळत नीलू ओरडली.

साठेनं मुकाट्यानं दोन्ही पाय वर घेतले.