मिरची खाणारी कुत्री

जरा पुढं सरकून बसा, मायबाप. गोष्ट हसण्याची आहे, पण अगदी पोटातली.

मंगळवेढ्याजवळच्या धनगरवस्तीवर मायाक्काची सून दानम्मा हिच्या यकृतातून डॉक्टरांनी लिंबाएवढी गाठ काढली. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी हातावाटे माणसात गेली, त्याचा हा प्रताप. या जंतावर भारत आणि केनियाचे डॉक्टर मिळून संशोधन करत होते. ज्या वस्तीत जंत सापडेल, तिथल्या कुत्र्यांना वर्षभर गोळ्या फुकट. मायाक्काची रांगती नात दिवसभर कुत्र्याच्या गळ्यात. गोळ्या हव्याच होत्या.

प्रकल्पातल्या सोनालीनं कुत्र्यांच्या शीसाठी वीस कोऱ्या डब्या दिल्या. मायाक्कानं शी गोळा केली, पण डब्यांची चकाकी बघून तिचा हात थबकला.

"पावण्यांच्या डबीत घाण घालून परत द्यायची? आपल्या घराला शोभतंय व्हय?"

तिनं हात धुऊन डब्यांत शेंगाची चटणी ठासली. शीच्या पुड्या वेगळ्या पिशवीत दिल्या. वाटेत प्रकल्पाची जीप चालवणाऱ्या रज्जाकचाचांना वास आला. "तौबा! ये क्या रखे?" पिशवी गेली बाभळीत.

शहरात सात रस्ता चौकाजवळच्या प्रयोगशाळेत केनियाच्या डॉक्टर वांजिरू दोन मास्क लावून सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. म्हणाल्या, "अंडं एकही नाही. पण इथली कुत्री मिरची फार खातात!"

वस्तीचं नाव गोळ्यांच्या यादीतून कटलं.

सोनालीनं प्रयोगशाळेतूनच मायाक्काला फोन केला. "मावशी, आनंदाची बातमी! तुमच्याकडं जंत नाहीत."

"न्हाईत कसं? सुनंच्या पोटात काय आभाळातनं पडलं? आन् चटणी आवडली का मॅडमला?"

"कुठली चटणी?"

"डब्यातली की!"

वांजिरूबाईंनी मास्क काढून डबी हुंगली आणि हसत हसत खुर्चीतच कोसळल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "यादी उद्या जाते. आज नमुने आणा."

सगळी वस्ती डब्या घेऊन कुत्र्यांमागं लागली. रोज दारात बसणारी कुत्री आज लाजून शेतात पळाली. मायाक्का भाकरीचा तुकडा दाखवत मागं धावत होती, "बस की रं लेकरा! देवाचं नाव घे आन् बस!"

दिवस मावळता मावळता विसावी डबी भरली.

सकाळी फोन आला. वीसपैकी सात कुत्र्यांत जंत!

"दानम्मा, आपल्यात जंत हायत गं!" मायाक्कानं सुनेला मिठीच मारली. हलगी कडाडली, गूळ वाटला गेला. गोळ्या घेऊन आलेले रज्जाकचाचा बघतच राहिले. "रोग निकल्या तो नाचते क्या तुम लोगां?"

"चाचा, चोर घावलाय! नाचू न्हाय तर काय रडू?"

मायबाप, आता हात धुऊन पहिला घास घ्याल, तेव्हा देवाच्या नावासोबत एक नाव आणखी घ्या. आपलं घरदार सोडून सातासमुद्रापार आलेल्या, आपल्या कुत्र्यांच्या शीत डोळे घालून बसलेल्या त्या वांजिरूबाईंचं.