शिखरावरची सही

कास्पर थाल्लरने त्या सकाळी आपल्या गेस्टहाउसमध्ये उकडलेल्या अंड्यांऐवजी कच्चीच अंडी टेबलावर मांडली, आणि समोर बसलेल्या पाहुण्यांनी, ब्रुन्स सरांनी, त्यातलं एक फोडून, वर मीठ भुरभुरवून चमच्याने निमूट खाऊन टाकलं. दोघांपैकी एकाच्याही काही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते कास्परच्या बायकोच्या, बुर्गीच्या. टेबल पुसता पुसता तिने उरलेली अंडी उचलली आणि म्हणाली, "मी आज सिलियानला बहिणीकडे चाललेय, मुरंबा करायला. संध्याकाळी सहाला चौकात भेटू."

या सगळ्याला कारण होती ट्राउडल. ट्राउडल शहराच्या पर्यटन कार्यालयात कामाला होती आणि तिला सारख्या कल्पना सुचत. आदल्या दिवशी ती सायकल दामटत आली ती थेट पाहुण्यांच्या जेवणघरात.

"कास्परकाका, ब्रुन्स सरांचा आपल्या लिएन्झमधला हा दहावा उन्हाळा! उद्या चौकात सत्कार. महापौर, बँड, चांदीचा बिल्ला, सगळं ठरलंय. आणि ऐका तर खरं! राबेनकोफेलच्या शिखरावरची वही भरलीय. नवी वही तुम्ही दोघांनी वर न्यायची, जुनी खाली आणायची, आणि सरांच्या दहा वर्षांच्या दहा सह्या मी माइकवरून वाचून दाखवणार!"

"दहाही?" ब्रुन्स सरांचा आवाज चिरकला.

"दहाही! आणि काकांच्यासुद्धा. गाइडचा मुलगा म्हटल्यावर काकांच्या तर ढिगाने असतील."

कास्पर हसला. म्हणजे त्याने दात दाखवले. त्या भागात प्रत्येक शिखरावर एक क्रूस असतो, क्रूसाला पत्र्याची पेटी असते आणि पेटीत वही. जो वर जाईल त्याने नाव आणि तारीख लिहायची. कास्परची सही त्या वहीत असणं शक्यच नव्हतं, कारण दुसऱ्या मजल्याच्या सज्जातल्या फुलझाडांना पाणीसुद्धा बुर्गीच घालत असे. कास्पर सज्जाच्या दारापर्यंत गेला तरी चौकट घट्ट धरून उभा राहायचा.

पण जेवणघरात त्याच्या बापाचा फोटो होता. खांद्यावर दोरखंड, मिशीवर बर्फ, या खोऱ्यातला नावाजलेला गाइड. त्या फोटोखाली उभं राहून कास्पर सव्वीस वर्षं पाहुण्यांना कागदी रुमालावर राबेनकोफेलची वाट काढून देत आला होता. "इथून डावीकडे, झरा लागेल तिथे थांबा, पाणी प्या, माझं नाव सांगा," असं तो म्हणे आणि पाहुणे खूश होत. वाटेवर तांबड्या-पांढऱ्या खुणा असल्यामुळे आजवर कुणी हरवलं नव्हतं. आता मात्र तो बापाच्या फोटोखाली थापा मारत होता हे भर चौकात, बँडच्या साथीने सगळ्या शहराला कळणार होतं. रात्रभर त्याला डोळा लागला नाही.

तर अंडी खाऊन दोघं निघाले. डोंगरावर जाणाऱ्या रोपवेच्या पाळण्यात बसल्याबरोबर कास्परने डोळे घट्ट मिटले.

"प्रार्थना करतोय," त्याने मोघम खुलासा केला.

"करा, करा. मीही तेच करतोय," समोरून उत्तर आलं. पाळणा खांबावरून खडखडत गेला तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदमच "आई गं" निघालं. दोघांचेही डोळे मिटलेले असल्यामुळे कोण किती पांढरं पडलंय हे कुणालाच कळलं नाही.

मधल्या स्टेशनावर उतरून दोघं पायवाटेने चालू लागले. ब्रुन्स सर निवृत्त भूगोलशिक्षक, तेही उत्तरेच्या सपाट मुलखातले. तिथे पूल चढला तरी लोक उंचावर आलो म्हणतात. सर पुढे जायला तयार नव्हते. "तुम्ही या डोंगराचे, तुम्ही पुढे व्हा," असं ते म्हणत. "तुम्ही पाहुणे, पहिला मान तुमचा," असं कास्पर म्हणे. अशी मानापमानात दीड तासाची वाट तीन तासांत उरकली आणि झाडं संपली. पुढे उभा कडा होता. कड्याला ठोकलेली लोखंडी तार वर जात जात दिसेनाशी झाली होती, आणि खाली सगळं लिएन्झ शहर काड्यापेटीएवढं होऊन बसलं होतं. कास्परने ते पाहिलं. तो तिथेच खाली बसला. खडकाला पाठ लावून त्याने दोन्ही हातांनी गवत धरलं.

शेजारी काहीतरी धपकन बसलं. ब्रुन्स सरांनीही गवत धरलं होतं.

मग सर म्हणाले, "हजार मीटरच्या वर सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं, असा तुमच्याकडे रिवाज आहे ना?"

"आहे."

"मग कास्पर, तुला एक सांगतो. मी आजवर मधल्या स्टेशनाच्या पुढे आलेलो नाही."

कास्परने मान न हलवता फक्त डोळे वळवले. "काय?"

"दहा वर्षं. तिथल्या उपाहारगृहात बसतो. सफरचंदाचा केक खातो, पेपर वाचतो, चारच्या पाळण्याने खाली येतो."

"मग संध्याकाळी जेवताना जे सांगायचास ते? तो झरा? तो म्हातारीच्या नाकाचा खडक?"

"झरा तू सांगितलास! सकाळी रुमालावर काढून देत होतास की!"

"अरे, पण रुमालावर मी काढायचो ते तू आदल्या वर्षी सांगितलेलं!" कास्परला घाम फुटला. "मी कुठे वर गेलोय? मला घरचा सज्जा झेपत नाही."

सरांनी गवत आणखी घट्ट धरलं. "म्हणजे म्हातारीचं नाक..."

"ते तुझंच!"

"तू 'डावीकडे मोठा खडक' म्हणालास. मी त्याला नुसतं नाक लावलं."

"गेल्या वर्षी त्या हॉलंडच्या जोडप्याने त्याचा फोटो काढून आणला रे!"

यावर दोघांनाही हसू यायला हवं होतं. पण हसलं की अंग हलतं, आणि हलायची दोघांचीही तयारी नव्हती. घड्याळात एक वाजला होता. वही घेतल्याशिवाय खाली जाता येत नव्हतं आणि वर तर मुळीच जाता येत नव्हतं. कास्परच्या मनात आलं, आपण इथेच बसून राहिलो तर पहिला बर्फ कधी पडतो? बापाने सांगितलं होतं कधीतरी. बहुतेक सप्टेंबरात.

तेवढ्यात खालून बुटांचा आवाज आला. वळणावरून एक बाई वर येत होती. पाठीला पिशवी, कमरेला पट्टा, पट्ट्याला लोखंडी कड्या.

"आलात का इथवर? कमाल केलीत," बुर्गी म्हणाली. "मी वेड्यासारखी उपाहारगृहात शोधत होते."

"तू? तू तर मुरंबा..." कास्पर तिच्या नाकाकडे बघत राहिला. मुरंबा करायला जाणारी बायको दरवर्षी उन्हाने नाक भाजून घेऊन कशी येते, हा प्रश्न सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या डोक्यात आला.

"नवी वही दे इकडे. आणि दोघंही जागचे हलू नका. हलणार नाहीच म्हणा." तिने तारेला कडी अडकवली आणि जिना चढावा तशी ती वर निघून गेली. कास्परने डोळे मिटले. पहिल्यांदाच ते स्वतःसाठी नव्हते मिटले. कडी तारेवरून सरकल्याचा आवाज येई तोवर तो श्वास घेई, आवाज थांबला की त्याचाही थांबे. पाऊण तास तो असा जगला.

ती परतली आणि तिने जुनी वही त्याच्या मांडीवर टाकली. त्याने पानं उलटली. दर ऑगस्टात एक नोंद होती. 'कास्पर थाल्लर. हवा स्वच्छ, गुडघे ठणठणीत.' आणि शेवटच्या दहा वर्षांत तिच्याखाली, वाकड्यातिकड्या अक्षरात, 'डेटलेफ ब्रुन्स. म्हातारीचं नाक आज फार सुंदर दिसत होतं.'

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका पाहुण्याने विचारलं, वहीत तुमच्या नवऱ्याचं नाव कसं नाही?" बुर्गी म्हणाली. "मग दरवर्षी एकदा यायला लागले. सर, तुमचे बूट मीच वाळत घालते. त्यांच्यावर चिखल नसतो, केकची पिठीसाखर असते. म्हणून तुम्ही वर जाणार म्हणायचात त्याच दिवशी मी मुरंबा करायचे. तुमची सही डाव्या हाताने केलीय, सांभाळून घ्या."

"म्हणजे नाक आहे?" सरांनी आशेने विचारलं.

"कसलं नाक? तसला खडकच नाही तिकडे."

कास्पर अजून पानं उलटत होता. "बुर्गी, यात तुझं नाव कुठंय?"

"माझं कशाला असेल? मी सिलियानला होते ना," ती म्हणाली आणि दोघांना एकेका हाताला धरून खाली घेऊन गेली.

सहा वाजता चौक भरला होता. ट्राउडलने दहाच्या दहा नोंदी वाचल्या. "सर, शिक्षक असून अक्षर मात्र जरा..." म्हणताच लोक खळखळून हसले. मग कास्परच्या नोंदी झाल्या. टाळ्या पडल्या, बापाचं नाव निघालं, ब्रुन्स सरांच्या कोटावर बिल्ला लागला. सगळं सुखरूप पार पडलं होतं. कास्परने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

आणि महापौरांना थट्टेची लहर आली. "काय बुर्गीबाई, नवरा दरवर्षी वर, आणि तुम्ही? एवढ्या मोठ्या गाइडची सून, पण एकदाही शिखर पाहिलं नाही ना?"

"आम्ही कुठले जातोय?" बुर्गी म्हणाली. "घरी केक कोण भाजणार?"

सगळा चौक हसला. कुणीतरी म्हणालं, "अहो, बाईमाणसाला चक्कर यायची!" बुर्गीही हसली. तिचं लाल झालेलं नाक कास्परला शेजारून दिसत होतं, आणि त्याला ते हसणं सहन होईना.

तो उठला. समोर लाकडी बाक होतं. एक पाय वर ठेवला, मग दुसरा. चौक डावीकडे कलला, चर्चचा मनोरा उजवीकडे कलला. तरी तो ओरडला, "खोटं आहे! मी आयुष्यात कधी वर गेलेलो नाही! मला उंचीची भीती वाटते! त्या सगळ्या सह्या बुर्गीच्या आहेत! वर जाते ती! सव्वीस वर्षं तीच जातेय!"

मग असा हशा उसळला की बँडवाल्यांनी तुतारी वाजवून टाकली.

"अस्सा बायकोवर जीव हवा!" महापौर डोळे पुसत म्हणाले. "बापासारखाच! तोही स्वतःची बढाई कधी मारायचा नाही."

"खरं सांगतोय मी! ब्रुन्स सर, तुम्ही तरी सांगा!"

ब्रुन्स सरांनी छातीवरच्या बिल्ल्याकडे पाहिलं आणि ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

टाळ्या चालूच होत्या. कास्पर बाकावर उभा होता आणि त्याला आता खाली उतरता येत नव्हतं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला भरून आलंय.

गर्दीतून बुर्गी पुढे आली. तिने हात वर केला आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पुरे झालं. माझ्याकडे बघ, खाली बघू नकोस. आधी डावा पाय."