मारोती भावजींची पिवळी टोपी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. कुणाच्या हाती ही वही लागली तर त्यानं आधीच माफ करावं. पण मारोती भावजींबद्दल लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

आमच्या शेजारचे मारोती भावजी डोक्यावर पिवळी टणक टोपी घालून जेवत. शेतात, बाजारात, लग्नाच्या मांडवातही ती टोपी असायचीच. अक्षता पडल्या की टोपीवर टपटप वाजायच्या आणि लोक नवरानवरी सोडून भावजींकडं बघायचे. टोपी त्यांनी कुवेतहून आणलेली. तिथं मोठाल्या इमारती बांधताना वरून काही पडलं तर डोकं फुटू नये म्हणून मजुरांना देतात म्हणे. आमच्या गावात माडीचं घर एकच, आणि त्याची वीट आजवर कुणावर पडलेली नाही. पोरं त्या टोपीला पालथं भगुणं म्हणायची.

"हसा," भावजी म्हणायचे. "शेफ्टी कळायला मानसाला समुद्र वलांडावा लागतो."

एकदा मात्र टोपी कामी आली. औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरायची वाट अरुंद आणि बुटकी. कितीही वाका, डोकं आपटतंच. पुजाऱ्यानं टोपी काढायला सांगितली, तर भावजींनी पायातलं काढलंय, डोक्यावरचं काढा असं कुठं लिहिलंय, अशी हुज्जत घातली. शेवटी पुजारी कंटाळला. त्या दिवशी आम्ही सगळे कपाळ चोळत वर आलो. भावजी तेवढे हसत आले. पुढं महिनाभर गावानं ही गोष्ट ऐकली.

दुष्काळात भावजी सरकारी कामावर खडी फोडत. पुढं एका एजंटाच्या ओळखीनं कुवेतला गेले आणि दोन वर्षं राहिले. आले ते तिथल्या सगळ्या सवयी घेऊन. जेवायची वेळ झाली की ताट हातात धरून चुलीपुढं लाईनीत उभे राहत. लाईनीत ते एकटेच. गयाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "बसा की हो, तुमच्या म्होरं कोन हाय?" पण ते भाकरी ताटात पडल्याशिवाय बसत नसत.

तिथं त्यांनी सही शिकली होती. आधी अंगठा उठवायचे. आता एक लाल वही काखेत असायची आणि न्हाव्याला चार आणे दिले तरी त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचे. "ज्याचा पैसा त्याच्याच हातात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिथं पगार असाच मिळायचा. सख्खा भाऊ गेला तरी त्याच्याकडं देत नसत.

आता माझ्या पैशांचं सांगते. एजंटाला द्यायला भावजींनी गावभर हात पसरले होते. तेव्हा गयाबाई माझ्याकडं आली. मी तूप विकून तीनशे रुपये साठवले होते, शिलाई मशीन घ्यायला. ते मी तिला दिले. भावजी परत आल्यावर सगळ्यांचे पैसे फिटले, हे कानावर येत होतं. माझेच तेवढे राहिले. औंढ्याचा एक शिंपी जुनी मशीन विकणार होता आणि पोळ्यापर्यंत थांबतो म्हणाला होता. पोळा आठ दिवसांवर आला. मला आपलेच पैसे मागायचीही लाज वाटते. आमचे मालक म्हणायचे, "डोस्क्यावर भगुणं घालून मिरवायला जमून राहिलं, पैसे द्यायला जमंना." मी त्यांनाही मागू दिलं नाही.

भावजी आमच्याकडं येत, ओट्यावर बसत. "वैनी हायत का?" म्हणून विचारत. आवाज ऐकला की मी पदर घेऊन आत जायची. ते थोडा वेळ बसून उठून जात.

पोळ्याच्या दोन दिवस आधी विहिरीवर गयाबाईनं विचारलं, पैसे पोचले ना? मी नाही म्हणून मान हलवली. तिनं घागर तिथंच ठेवली, माझा हात धरला आणि मला तिच्या घरी नेलं. वाटेत नवऱ्याच्या नावानं काय काय बोलली ते इथं लिहीत नाही.

"वैनीचे पैसे काहून दिले न्हाईत?" तिनं दारातूनच विचारलं.

भावजी बिचारे उभे राहिले. "चार बारी गेलो गं. वैनी बाहीरच येत न्हाईत. त्यांचा पैसा दुसऱ्याच्या हातात कसा देऊ?"

मग त्यांनी टोपी काढली. माझ्यादेखत पहिल्यांदाच. केस बरेच पांढरे झाले होते. टोपीच्या आतल्या पट्ट्यांमध्ये निळी हवाईपत्रं घड्या घालून बसवली होती. सगळी माझ्या हातची. गयाबाईला लिहिता येत नाही, म्हणून तिची पत्रं मी लिहायची. ती लाजून दोनच ओळी सांगायची, आम्ही बरे आहोत, तब्येत जपा. उरलेला कागद वाया जाऊ नये म्हणून मीच भरायची. गाईला कालवड झाली, धाकटी चालायला लागली, दारातला लिंब भिंतीच्या वर गेला.

"तिकडं मजुरांच्या क्यांपात चोर पेटी फोडत्यात," भावजी म्हणाले. "टोपी तेवढी डोस्क्यावर राहती. कोकनातला एक गडी व्हता, सांजच्याला त्याच्याकून वाचून घ्यायचो. त्यो कट्टाळायचा. म्हनायचा, कालवडीचं किती बारी ऐकतो? पर घर सगळं त्याच्यातच व्हतं ना, वैनी."

गयाबाई चुलीकडं वळली.

"गावच्या हरेक मानसानं पैशाचा निरोप धाडला," ते म्हणाले. "लिवनाऱ्या तुमी, तुमी एकदा बी न्हाई लिवलं. करा सई."

मी लाल वहीत नाव लिहिलं. नाव ओळीच्या खाली घसरलं. भावजींनी टोपीतलं एक पत्र उलगडून वहीशेजारी धरलं आणि कुवेतच्या साहेबासारखं एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. त्यांना अजूनही वाचता येत नाही.

"बराबर," ते म्हणाले. "त्येच अक्षर हाय."

आणि तीनशे रुपये माझ्या हातावर ठेवले, पुरते.