नेपोलियनच्या टोपीवरचा बिल्ला

"बटणांचा डबा कुठाय?" क्लिफर्ड ऑटरवेल स्वयंपाकघरातून ओरडला.

"पॉलीननं नेला. बुजगावण्याच्या कोटाला बटणं हवी होती," टोस्टला मुरंबा लावत त्याची बायको विनिफ्रेड म्हणाली.

क्लिफर्ड पांढराफटक पडला. त्या डब्याच्या तळाशी वॉटर्लूच्या काळातल्या इंग्रज शिपायाच्या टोपीवरचा पितळी बिल्ला होता. जुने फौजी बिल्ले जमवण्यात त्याचा जन्म गेला होता आणि हा त्यातला सगळ्यांत लाडका. चोरांना सापडू नये म्हणून बटणांत लपवलेला, आणि बभ्रा नको म्हणून बायकोलाही न सांगितलेला. तेव्हा चूक अर्थातच बायकोची होती.

"बटणांच्या डब्यात बटणंच असतात असं मला वाटायचं," ती म्हणाली.

घरातल्या सपाता घालूनच तो धावला. स्केलथॉर्प गावात त्या दिवशी बुजगावण्यांची स्पर्धा होती. शेजारच्या पॉलीनच्या फाटकात एक ढेरपोटं बुजगावणं उभं होतं. एक हात कोटात खुपसलेला, डोक्यावर आडवी काळी टोपी. टोपीवर शिवलेला बिल्ला लखलखत होता.

"घासलात?" क्लिफर्ड पॉलीनवर ओरडला. "दोनशे वर्षांची झाक होती ती!"

"मळ होता हो. हात दुखले माझे."

"आणि हा कोण?"

"नेपोलियन. ओळखू येत नाही?"

घासणं त्यानं एक वेळ पोटात घातलं असतं. "अहो, ज्याला हरवायला आमचे शिपाई हा बिल्ला लावून चिखलात उभे राहिले, त्याच्याच डोक्यावर?" त्यानं टोपीला हात घातला.

"हात काढा, क्लिफर्ड!" स्पर्धेचे अध्यक्ष टर्नबुल रस्त्यावरूनच गरजले. "परीक्षण होईपर्यंत बुजगावण्यावरचं काही काढायचं नाही. दुपारपर्यंत हवं ते वाढवा."

"बिल्ला माझा आहे! असला नियम कुठल्या गाढवानं केला?"

"तुम्हीच. समितीत होतात तेव्हा."

क्लिफर्ड तिथंच पहारा देत बसला. येणारे-जाणारे "वा, काय नेपोलियन!" म्हणत होते आणि त्याच्या अंगाची लाही होत होती. शेवटी तो ताडकन उठून घरी गेला. काढता येत नाही ना? मग वाढवू! नेपोलियनच्या कोटावर त्यानं विनिफ्रेडचा लाल कोट चढवला. आडव्या टोपीभोवती काळा पुठ्ठा गुंडाळून उंच फौजी टोपी केली आणि बिल्ला दिसावा म्हणून पुठ्ठ्याला खिडकी कापली. छातीवर पांढरे पट्टे आले. मग कुलपातले बाकीचे बिल्लेही एकेक करत बाहेर आले.

"तुरा डावीकडे, पॉलीन! उजवीकडे तुरा लावलेला शिपाई मी जन्मात पाहिला नाही."

"तुम्ही कुठलाच पाहिला नाहीत," पॉलीन पुटपुटली.

दुपारी निकाल लागला आणि पाठोपाठ पाऊसही आला. विनिफ्रेड छत्री घेऊन आली.

"झालं ना परीक्षण? आता तुझा बिल्ला काढ, माझा कोट काढ आणि चल घरी."

"दुसरा नंबर!" क्लिफर्ड कडाडला. "डोक्याच्या जागी किटली बसवलेल्या पाद्र्याला पहिला, आणि आपल्याला दुसरा! एका परीक्षकानं तरी तुरा बघितला का?"

"पितळ भिजतंय, क्लिफर्ड."

त्यानं तिच्या हातातली छत्री ओढून शिपायाच्या डोक्यावर धरली.

"खबरदार हात लावलास तर! मी तक्रार केलीय. फेरपरीक्षण होईपर्यंत काहीही काढायचं नाही. नियम आहे!"