टिटवीचं वाया गेलेलं मत

एका जंगलात सगळे प्राणी डोक्यावर दगड घेऊन फिरायचे. हसू नका. तुम्हीही दप्तर घेऊन फिरताच की.

दगड फार मोठा नव्हता. नारळाएवढा. पण सगळ्यांना सारखाच. हत्तीलाही नारळाएवढा आणि मुंगसालाही नारळाएवढा. त्या जंगलात समानता होती, बरं का.

ही पद्धत पडली कशी, ते सांगतो. फार वर्षांपूर्वी तिथे मोठं वादळ झालं होतं. तेव्हाच्या राजाने दवंडी पिटवली, 'कुणी उडून जाऊ नये म्हणून चार दिवस डोक्यावर दगड ठेवा.' चार दिवसांनी वादळ गेलं. पुढे यथावकाश राजाही गेला. दगड तेवढा राहिला. एखाद्याने विचारलंच की आता वादळ कुठे आहे, तर मोठी माणसं, म्हणजे मोठे प्राणी म्हणत, "बघ, दगड आहे म्हणून तर येत नाही."

यावर काय बोलणार? मलाही सुचत नाही.

मग जंगलात लोकशाही आली. दर दिवाळीच्या सुमारास निवडणूक व्हायची आणि तीत दोन पक्ष लढायचे. एक दगड पक्ष. त्याचे पुढारी रानडुक्करसाहेब. ते म्हणायचे, "वाडवडिलांनी दगड वाहिला, आपणही वाहू!" दुसरा वीट पक्ष. त्याचे पुढारी रेडेसाहेब. ते म्हणायचे, "दगडापेक्षा वीट मऊ!" ही म्हण जंगलातल्या प्रत्येक पिल्लाला पाठ होती, आणि म्हण कधी खोटी असते का? जो पक्ष निवडून येई, त्याची वस्तू वर्षभर सगळ्यांच्या डोक्यावर बसे. दगडाला कंटाळले की प्राणी वीट निवडायचे. विटेने मान अवघडली की दगड. दर वेळी निकालाच्या दिवशी गुलाल उधळायचे आणि म्हणायचे, "परिवर्तन झालं!"

या जंगलात ओढ्याकाठी एक टिटवी राहायची. टिटवी म्हणजे पक्षी, हे तुम्हाला माहीत आहे. तिलाही ऐकून माहीत होतं. तिची पणजी म्हणे उडायची. टिटवी मात्र लांब लांब पाय टाकत चालायची, कारण डोक्यावर वीट घेऊन उडता येत नाही. तुम्ही घरी करून बघू नका.

त्या वर्षी टिटवीने गोट्यांच्या खाचेत चार अंडी घातली होती. निवडणुकीनंतर आठवड्याभरात ती फुटणार होती. आणि जंगलाचा कायदा असा होता, की अंड्यातून डोकं बाहेर आलं की त्यावर सरकारी वजन ठेवायचं. टिटवीला एवढंच वाटत होतं, की आपल्या पिल्लांनी एकदा तरी उडावं. बाकी तिला राजकारणातलं काही कळत नव्हतं. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

त्या वर्षी एक तिसरा उमेदवार उभा राहिला होता. साळिंदरभाऊ. त्यांच्या पक्षाचं नाव 'मोकळं डोकं'. पक्षात तीन सभासद होते आणि त्यांचे चार गट होते. डोक्यावर काही नको, यावर तिघांचं एकमत होतं. पण डोक्यावरचे केस हे वजन धरायचं की नाही, यावरून वाद विकोपाला गेला होता.

साळिंदरभाऊ तत्त्वाचे पक्के. सभा घ्यायची म्हणून त्यांनी पिंपळाला पान लटकवलं. त्यावर लिहिलं, 'ज्याला यायचं असेल त्याने यावं. कधी यावं, ते ज्याचं त्याने ठरवावं.' वेळ सांगणं म्हणजे दुसऱ्यावर सक्ती, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आठवडाभर एकेक प्राणी येऊन रिकामं मैदान बघून गेला. टिटवी गेली, तेव्हा नशिबाने भाऊ जागेवर होते.

"भाऊ, तुम्ही निवडून आलात तर काय कराल?" टिटवीने विचारलं.

"काहीच करणार नाही," साळिंदरभाऊ अभिमानाने म्हणाले.

"अगं बाई! मग बाकीचे दोघं?"

"ते करतात. म्हणून तर तुझी मान अशी झालीय." भाऊ जरा पुढे झाले. टिटवी जरा मागे झाली, कारण काटे. "हे बघ, तुझं डोकं कुणाचं?"

टिटवीने विचार केला. तिला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "माझंच असावं," ती हळूच म्हणाली.

"मग झालं तर! त्यावर काय ठेवायचं ते तू ठरव. तुला हवा तर दगड ठेव. माझी हरकत नाही. फक्त शेजारणीच्या डोक्यावर ठेवू नकोस. आमचा जाहीरनामा एवढाच."

"पण म्हणतात, डोक्यावर काही नसलं तर उडून जाऊ."

"तू पक्षी आहेस, टिटवीबाई."

टिटवी घरी निघाली ती जवळजवळ नाचतच. वीट दोनदा घसरली.

वाटेत ससेराव भेटले. ससेराव म्हणजे ओढ्यापलीकडचे शहाणे गृहस्थ. टिटवीने त्यांना सगळं सांगितलं. ससेरावांनी आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग आवाज खाली आणला.

"खरं सांगू? मलाही साळिंदरच पटतो. या विटेपायी माझा एक कान कायमचा दुमडला. पण तो निवडून येणार नाही ना! मत कशाला वाया घालवायचं?"

"पण सगळ्यांनी दिलं तर येईल की."

"सगळे कुठे देणार आहेत?"

"का नाही देणार?"

"सगळे कुठे देणार आहेत, म्हणून."

टिटवी भेकरमावशीकडे गेली. मावशी तर रडकुंडीलाच आल्या. "अगं, माझ्या मनातलं बोललीस बघ! पण या वेळची निवडणूक फार महत्त्वाची आहे. या वेळी दगड आला तर संपलंच. पुढच्या वेळी मी नक्की साळिंदराला."

"मागच्या वेळी कशी होती हो निवडणूक?"

"मागचीही महत्त्वाचीच होती," भेकरमावशी म्हणाल्या.

टिटवी वारुळापासून वडापर्यंत फिरली. जो तो हेच सांगे. जो तो तिला बाजूला घेऊन सांगे. त्यामुळे झालं काय, की अख्ख्या जंगलाला साळिंदर हवा होता, आणि हे एकट्या टिटवीलाच माहीत होतं.

मतदानाचा दिवस आला. गुहेत तीन करंड्या ठेवल्या होत्या. प्रत्येकाने एक चिंचोका घ्यायचा आणि हव्या त्या करंडीत टाकायचा. टिटवीच्या बोटाला शाई लावली. ती आत गेली. तिसऱ्या करंडीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं, इतकं तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. टिटवीला क्षणभर भीती वाटली. सगळे शहाणे आणि आपणच एक वेडी, असं वाटलं. मग तिला चार अंडी आठवली. तिने चोचीने जाळं बाजूला केलं आणि चिंचोका आत टाकला. टक्‌ असा आवाज आला. तिला तो आवाज फार आवडला.

घुबडगुरुजींनी निकाल वाचला. दगडाला चाळीस. विटेला चाळीस. साळिंदराला एक.

मग गुरुजींनी घटनेचं पान उलटलं. "समसमान मतं पडल्यास," ते म्हणाले, "दोघांनी मिळून राज्य करावं."

रानडुक्करसाहेब आणि रेडेसाहेब महिनाभर एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत होते. त्यांनी तिथेच कडकडून मिठी मारली. रेडेसाहेब माइकपाशी आले. "बंधूंनो आणि भगिनींनो, हा जनतेचा कौल आहे! आणि जनतेचा कौल आम्हाला शिरसावंद्य आहे!"

टाळ्या पडल्या. पण मुलांनो, जंगलातले शिपाई शब्दाचे पक्के असतात. त्यांनी कौल म्हणजे छपरावरचं कौल घेतलं. आणि शिर म्हणजे कुणाचं शिर, हे काय त्यांना सांगायला हवं? दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या डोक्यावर एक दगड, त्यावर एक वीट आणि सगळ्यात वर एक मंगलोरी कौल बसलं.

आता सगळे टिटवीवर तुटून पडले.

"तुझ्यामुळे झालं हे!" ससेराव ओरडले. "विटेला दिलं असतंस तर नुसती वीट आली असती!"

"दगडाला दिलं असतंस तर नुसता दगड!" दगडवाले ओरडले.

"मत वाया घालवलंस!" भेकरमावशी म्हणाल्या. मघाशी रडणाऱ्या याच बरं का.

टिटवी गरीब होती, पण आता तिची मानच नव्हे तर डोकंही दुखत होतं. ती म्हणाली, "खरं आहे, माझं मत वाया गेलं. पण तुमच्यातल्या एकाचंही वाया गेलं नाही ना? सगळ्यांची कामी आली. ती बघा, डोक्यावर आहेत."

कुणी वर बघितलं नाही. बघायला मान वर करावी लागते.

गर्दी पांगल्यावर टिटवीने साळिंदरभाऊंना गाठलं. "भाऊ, मत एकच पडलं. ते माझं. मग तुमचं कुठे गेलं?"

साळिंदरभाऊंचे काटे खाली झाले. "विटेला दिलं गं," ते म्हणाले. "म्हटलं, आपण काही निवडून येत नाही. उगाच कशाला वाया..."

टिटवीला त्यांचा राग आला. मग कीव आली. भाऊ रात्रंदिवस बरोबर बोलत होते आणि त्यांच्यावर त्यांचाच विश्वास नव्हता, याहून वाईट काय असतं?

आठवड्याने अंडी फुटली. शिपाई हजरच होते. पहिल्या पिल्लाचं डोकं बाहेर आलं, त्याच्यावर दगड, वीट, कौल. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. इथे मला दर वेळी वाईट वाटतं, पण गोष्ट आहे तशी सांगायला हवी.

"आई," धाकटं पिल्लू म्हणालं, "डोकं किती जड असतं गं!"

"डोकं नाही रे बाळा," टिटवी म्हणाली. "डोकं हलकं असतं. हे वरून ठेवलेलं आहे."

एवढं एकच वाक्य तिने पिल्लांना रोज सांगितलं. भेकरमावशी म्हणायच्या, "लेकरांच्या डोक्यात काही भरवू नकोस." टिटवी म्हणायची, "डोक्यावर चालतं होय?"

वर्ष गेलं. पिल्लं मोठी झाली. जंगलात मोठं व्हायला अठरा वर्षं लागत नाहीत. पुन्हा निवडणूक आली, आणि तीही फार महत्त्वाची होती. भेकरमावशी म्हणाल्या, पुढच्या वेळी नक्की. ससेरावांनी दुसऱ्या कानाची शपथ घेतली.

घुबडगुरुजींनी निकाल वाचला. विटेला त्रेचाळीस. दगडाला चाळीस. साळिंदराला पाच.

त्या पाचांत साळिंदरभाऊंचं मत नव्हतं. या वेळीही ते उमेदवार होते, पण मतदार यादीत नाव घालणं ही सक्ती आहे असं ठरवून त्यांनी नाव काढून घेतलं होतं.

विटेचा विजय झाला. दगड आणि कौल उतरले, गुलाल उधळला, परिवर्तन झालं. त्या पाच मतांकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. वाया गेलेल्या मतांकडे कोण बघतं?

फक्त रेडेसाहेबांनी बघितलं. रात्री त्यांना झोप लागेना. आपण जिंकलो तीन मतांनी. ती पाच मतं गेल्या वर्षी एक होती. पुढच्या वर्षी किती होतील? आणि ती आपल्यातून गेली तर? रेडा असला तरी बेरीज त्याला येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडेसाहेबांनी घोषणा केली, "वीट पक्ष पहिल्यापासूनच अर्ध्या विटेच्या बाजूने होता. आजपासून सर्वांना अर्धीच वीट!"

जंगल आनंदाने वेडं झालं. रेडेसाहेबांची मिरवणूक निघाली. ससेराव कान हलवत पुढे नाचत होते. साळिंदरभाऊ एकटे पिंपळाखाली बसून, अर्धी वीट ही तत्त्वाशी तडजोड आहे, असा निषेध लिहीत होते.

ओढ्याकाठी टिटवीने मान हलवून बघितली. मग पंख हलवून बघितले. मग ती थोडं धावली आणि तिचे पाय जमिनीवरून सुटले. वाकडीतिकडी, अर्ध्या विटेसकट, पण ती उडाली. झुडपाच्या उंचीवर तिने एक फेरी मारली आणि ओरडली, "या रे!" चारही पिल्लं धावली. तीन उडाली. धाकटं आपटलं, उठलं, पुन्हा धावलं आणि तेही उडालं. टिटवीला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

खाली मिरवणूक थांबली. भेकरमावशींनी मान वर केली. अर्ध्या विटेमुळे आता तेवढी वर होत होती. त्यांनी पाच टिटव्या आकाशात बघितल्या आणि त्यांचं मन अगदी भरून आलं.

"बघितलंस ना, टिटवे!" त्या खालून ओरडल्या. "तरी तुला सांगत होते, विटेला मत दे म्हणून!"

तात्पर्य : सुज्ञाने आपले मत कधीही वाया घालवू नये. ते काम चारपाच अडाण्यांवर सोपवावे आणि अर्धी वीट उतरली की विटेचे मनापासून आभार मानावेत.