वस्तीवरून आलेल्या लहरी

लहरी कुणालाच दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल सगळ्यांनाच सगळं माहीत असतं.

पोखर्णीजवळच्या आमच्या गावाला सरकारनं आकाशातल्या उपग्रहाकडून चित्रं पकडणारी जाळीची छत्री आणि टीव्ही दिला. सर्व जातींनी शाळेत एकत्र बसून तो पाहावा, असा नियम होता. पण या लहरींनी म्हशी आटतात, केस झडतात, असं मानवतच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. सरपंच व्यंकटराव लय मोठ्या मनाचे. लेकरांच्या जिवाला घोर नको म्हणून त्यांनी तो धोका स्वतःच्या बैठकीत आणून ठेवला आणि रोज संध्याकाळी लोडाला टेकून अंगावर घेतला. (त्यांचं टक्कल त्याआधीचं, पण तेही त्यागातच धरलं गेलं.) भाऊबंदही शेजारी बसून चहासोबत हाल सोसत. दलित वस्तीतली माणसं आधीच कष्टानं थकलेली, म्हणून त्यांना सुरक्षित अंतरावर, फाटकाबाहेर उभं राहायची मुभा होती. हे अंतर पूर्ण शास्त्रीय होतं. लहरी नव्हत्या तेव्हाही, आजोबांच्या काळात, ते तेवढंच होतं.

चौऱ्याण्णवची संक्रांत आली. विद्यापीठाच्या नामांतराची बातमी त्या संध्याकाळी लागणार होती. वस्तीतल्या सरजाबाईच्या लेकानं, सितारामनं, त्या नावासाठी तुरुंग भोगला, तिथून आजार घेऊन आला आणि गेला. म्हातारी तिळगुळाची पुडी घेऊन फाटकाशी आली.

"सरपंच, मला आत बसू द्या. इथून दिसत न्हाई. ते नाव मला माझ्या डोळ्यानं बघायचंय."

"सरजे, लहरी बाधतील तुला."

"छत्रीचं तोंड आमच्या वस्तीकडं हाय. म्हंजे लहरी आमच्या छपरावरूनच तुमच्याकडं येतेत. बाधायच्या त्या कवाच बाधल्या की!"

बैठकीतल्या सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. एवढी वर्षं लहरी वस्तीला शिवून थेट आत येत होत्या! सरपंचांचे भाऊबंद दत्तराव उठून चूळ भरून आले.

तिथल्या तिथं ठराव झाला: छत्री उत्तरेला फिरवावी, तिकडं सगळी आपलीच घरं आहेत. फिरवली. पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. उपग्रह दक्षिणेलाच असतो, असं मास्तर म्हणाले. सरपंचांनी सरकारला तो हलवायला सांगायचं ठरवलं. बातम्या संपेपर्यंत सगळ्यांनी समाधानानं मुंग्या पाहिल्या. सरजाबाई तिळगूळ तसाच घेऊन परत गेली.

तुम्ही हसताय, हसा. तुमच्या गच्चीवरच्या छत्रीचं तोंड कधीचंच दक्षिणेला आहे. लहरी कुणाकुणाच्या छपरावरून आल्या, हे तुम्ही विचारत नाही. आडनाव विचारता ते फक्त भाडेकरूला.